जिला घड्याळ कळत नव्हतं

बोरीवली पूर्वेला एक मराठी शाळा आहे. मे महिन्यात तिथल्या शिक्षिका उन्हातून चाळीचाळीत फिरतात, दप्तर फुकट देऊ, वह्या फुकट देऊ म्हणत मुलं गोळा करतात. कारण पट घसरला तर तुकडी जाते आणि तुकडीबरोबर नोकरी. जूनमध्ये हीच माणसं मिळालेल्या मुलांपैकी कोण नको ते ठरवू लागतात. चौथीतली सई नको होती. तिला फिट यायची.

प्रेमा परब या शाळेत बावीस वर्षं शिपाई आहे. हुद्दा शिपाई, हाक मावशी. झाडायचं, पाणी भरायचं, मुलांच्या ओकाऱ्या पुसायच्या आणि घंटा द्यायची. घंटा म्हणजे कार्यालयाबाहेर टांगलेला रुळाचा तुकडा आणि एक हातोडी. तिची घंटा एका मिनिटाने चुकलेली कुणाला आठवत नाही. शिक्षक आपली घड्याळं त्या टोल्यावर लावत. हे तिला कुणी कधी बोलून दाखवलं नाही. नळाला पाणी आलं म्हणून नळाचं कौतुक करतं का कोणी?

शाळेच्या प्रथमोपचार पेटीत कापूस होता, मुदत संपलेलं मलम होतं आणि डाव्या पायाची एक कोल्हापुरी चप्पल होती. चप्पल प्रेमाची. बाकी सगळ्यांच्या पायात रबर नाहीतर प्लास्टिक, आणि फिटवर चामडंच लागतं, असं मुख्याध्यापिका वसुधा मॅडमचं मत. मॅडम विज्ञानाच्या पदवीधर. सई पडली की मावशी ती चप्पल तिच्या नाकाशी धरायची, दोन मिनिटांत सई शांत व्हायची. शिक्षिका म्हणायच्या, "मावशीची चप्पल म्हणजे काय, झकास औषध!" प्रेमाला ते गोड लागायचं. तिची कीव करायचं कारण नाही. दोन वर्षं ती त्या चपलेच्या जिवावर मिरवली.

एकदा फिट चालू असतानाच सईची आई, जान्हवी, आत आली. तिने चप्पल हिसकावून मैदानात भिरकावली.

"आपोआप थांबते ती, मावशी. चपलेने नाही."

"मगे इतके दिवस मी काय केलंय?"

"काही नाही. घाण हुंगवलीत."

प्रेमा दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फाटकाशी अडवून म्हणाली, "काय करूचा ता दाखव."

जान्हवीने बाकावर दप्तर आडवं ठेवून दाखवलं. कुशीवर वळवायचं. डोक्याखाली मऊ काहीतरी. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर नाकात औषधाचा फवारा, आणि दवाखाना.

डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट तो फवारा तिने शाळेला दिला. वसुधा मॅडमनी तो कपाटात ठेवला, कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली.

"हे बघा, दोन मिनिटांचं आम्ही सांभाळून घेऊ. पण पाचच्या वर एकदा जरी गेलं ना, तर दाखला घेऊन जायचं. आम्हाला बाकीच्या मुलांचंही बघायचं असतं."

चौथीत बाकीची मुलं अकरा होती.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी मॅडम संस्थेच्या सभेला गेल्या, अर्थात पर्ससकट. मधली सुट्टी संपली आणि चौथीच्या गंधाली मिस धावत आल्या.

"मावशी, सई पडली! चप्पल कुठाय?"

"चप्पल नाय. पोरांका भायर काढा."

प्रेमाने सईला कुशीवर वळवलं, आपला टॉवेल डोक्याखाली सारला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. गंधाली मिस खिचडीचा चमचा घेऊन आल्या. "जीभ चावेल हो तिची!"

"त्या चमच्यान तू खिचडी खा. आणि फोन कर तिच्या आवशीक. ॲम्ब्युलन्साक पण."

तीन मिनिटं झाली. चार झाली. प्रेमा उठली. "मिस, हय बस. नुसती कुशीवर धर, दाबू नको."

कपाटाचं कुलूप घंटेच्या हातोडीच्या तिसऱ्या घावाला तुटलं. आवाज ऐकून सातवीने शाळा सुटली समजून दप्तरं भरली. पाच मिनिटं पुरी होताच प्रेमाने फवारा दिला. सातव्या मिनिटाला सईचे हात थांबले.

जान्हवी जवळच्या बँकेतून धावत आली. ॲम्ब्युलन्सच्या पायरीशी प्रेमाने तिचा दंड धरला. "सात मिन्टां. डाक्टराक सात सांग. हय तोंड उघडू नको."

पाच वाजता मॅडम परतल्या. आधी कुलूप बघितलं, मग विचारलं, "किती वेळ चालली?"

"चार मिन्टां असात."

"चार? मग फवारा का दिलात? पाचनंतर द्यायचा, चिठ्ठीत स्पष्ट लिहिलंय."

"माका खय घड्याळ कळता, बाई. चौथी नापास मी."

गंधाली मिसनी घाईने वह्या तपासायला घेतल्या. मॅडम मात्र क्षणभरही अडखळल्या नाहीत. बावीस वर्षं ज्या बाईच्या टोल्यावर त्या वर्गात गेल्या, चहाला उठल्या, घरी पळाल्या, तिला घड्याळ कळत नाही हे त्यांना ताबडतोब पटलं. त्यांना आयुष्यात इतकं सहज दुसरं काही पटलं नसेल.

"वाटच लावलीत तुम्ही. म्हणून अडाणी माणसाच्या हातात काही देऊ नये," त्या म्हणाल्या आणि मेमो लिहायला बसल्या: कुलूप तोडलं, अज्ञानाने औषध दिलं. दाखल्याचा विषय निघाला नाही. चार मिनिटांवर दाखला देता येत नव्हता.

"इथे सही करा. तारीख घाला."

प्रेमाने सही केली. तारीख घातली. तारखेखाली, कुणी सांगितलं नसताना, वेळ घातली: पाच वाजून अठ्ठावीस मिनिटं. मॅडमनी कागद न वाचता फाइलला लावला. प्रेमा बाहेर आली, हातोडी उचलली, दोन मिनिटं उभी राहिली, आणि साडेपाचचे टोले देऊन शाळा सोडली.