उदयाची उधारी

ही वही मी कुणाला दाखवणार नाही. तरी चुकून कुणाच्या हाती पडलीच, तर आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, आणि अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. म्हणून चारचौघांत मी पेन हातात धरत नाही. बँकेतली पावतीसुद्धा मुलांचे पप्पाच भरतात.

दिवाळीत फुलंब्रीला माहेरी गेले, तेव्हा आईनं माळ्यावरून पत्र्याचा डबा काढून दिला. "हे तुझं दुकान. ने आता, नाहीतर उंदरं खातील." डबा चिकलठाण्याला घरी आणला आणि आठ दिवस पलंगाखाली सरकवून ठेवला. पोरं मोबाइलवर गाड्या पळवणारी. माझ्या दगडमातीला हसली तर?

एका रविवारी मोबाइल चार्जिंगला होता, तेवढ्यात डबा उघडला. बुटाच्या पॉलिशच्या झाकणांचा तराजू, सुतळी अजून शाबूत. वजनाला तीन गुळगुळीत दगड. एका डबीत चिंचोके, तेच आमचे पैसे. लहानपणी आम्ही वाळू साखर म्हणून विकायचो. धाकट्यानं मात्र थेट गव्हाच्या डब्यात हात घातला आणि तोलायला बसला. हसलं कुणीच नाही. मला बरं वाटलं.

पण तळाशी दुकानाची पाटी होती, खोक्याच्या पुठ्ठ्यावर लाल पेन्सिलीनं लिहिलेली. पोरगी आता चौथीत आहे. तिनं मोठ्यानं वाचलं, "आज रोख, उदया उधार." मग थांबली. "मम्मी, हा उदया कोण?"

माझे कान तापले. "उद्या गं ते. चुकलंय."

"नाय, उदयाच लिहिलंय! म्हणजे सगळ्यांनी रोख द्यायचे आणि एकट्या उदयाला उधार!"

दोघं फरशीवर लोळून हसली. मी पाटी घ्यायला गेले, तर तिनं ती उलटी केली. मागं लिहिलेलं होतं, 'दादा बाकि ४० चिंचुके'.

"म्हणजे मामाच उदया!"

आता मलाही हसू आवरेना. दादा खरंच रोज साखर न्यायचा आणि उद्या देतो म्हणायचा.

पोरीनं पाटी दाराच्या कडीला टांगली. मी दोनदा काढली, तिनं दोनदा लावली. शेजारच्या मुसलमान मावशी, आम्ही त्यांना खाला म्हणतो, त्यांनी वाचून विचारलंच, "ये उदया कौन है?" मी लाजून आत पळाले. पोरीनं त्यांना उदयाची सगळी हकिकत सांगितली, वर पाव किलो गहू तोलून दिले.

मग तिनं मामाला फोन लावला. पुढच्या रविवारी दादा मोटारसायकलवरून आला, हातात कापडी पिशवी. दारातच तिनं अडवलं.

"आधी उधारी."

"व्हय, देतो की. पण त्या साखरेत निम्मी माती व्हती, त्याचं काय?"

मी आतूनच म्हणाले, "चाळणीपण तूच नेली होतीस, दादा. ती अजून आली नाही."

"लई कडक दुकानदारीण हाये बुवा!" म्हणत त्यानं पिशवी ओतली. पोरांनी चिंचोके मोजले. एकोणचाळीस.

"एकाची सूट दे की."

"नाय!" दोघं एकदम ओरडली. दादानं हसत खिशातून चाळिसावा काढला. मुद्दामच ठेवला होता.

पोरीनं पाटी उलटी करून पेन माझ्यापुढं धरलं. "मम्मी, तू लिही. दुकान तुझंय."

दादा, मुलांचे पप्पा, दोन्ही पोरं, सगळे माझ्या हाताकडं बघत होते. मी हळूच विचारलं, "फिटली मधला फि पहिला का दुसरा?"

"मला काय विचारती?" दादा म्हणाला. "मी तर उदया!"

"पहिला," पोरगी कानात म्हणाली.

जुनी ओळ खोडली आणि खाली सावकाश लिहिलं, 'उदयाची उधारी फिटली'. उदया या वेळी मुद्दाम लिहिला. मग चाळीसच्या चाळीस चिंचोके डबीत टाकले आणि झाकण लावलं.