शेवटच्या दोन ओळी

"घरात मुका, झग्यात मैना," असं डोरीन आपल्या नवऱ्याबद्दल चारचौघांत म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. नॉर्मन एंटविसल गिरणी चालू होती तोवर लूमखात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, होता. गिरणी बंद पडल्यावर तो बस चालवायला लागला. दोन्ही कामांत बोलावं लागत नाही, ही त्याला मोठी सोय वाटे. मागांच्या खडखडाटात बोललेलं कुणाला ऐकू जात नसे, आणि बसमध्ये तर ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटीच असते. घरी आला की चहा, पेपर, भांडी विसळणं. डोरीननं दहा गोष्टी सांगितल्या की तो एकदा "हं" म्हणायचा.

पण जानेवारीत उत्तर इंग्लंडातल्या त्यांच्या हॅदरशॉ गावच्या चर्च हॉलमध्ये पॅन्टो, म्हणजे नाताळच्या दिवसांतलं गाण्या-थट्टेचं परीकथेचं नाटक, लागला, की हाच माणूस तांबडा टोप, कलिंगडाएवढी छाती आणि पट्ट्यापट्ट्यांचे मोजे चढवून डेम व्हायचा. डेम म्हणजे नायकाची तोंडाळ विधवा आई. ती पुरुषानंच करायची, आणि बाईसारखी नाही तर बाईचे कपडे घातलेल्या बाप्यासारखीच करायची, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. एकदा सुरू झाला की नॉर्मन आवरायचा नाही. पहिल्या रांगेतला एखादा टकल्या हेरून "हाच तो! माझा पळून गेलेला चौथा नवरा!" म्हणून त्याच्या मांडीवर जाऊन बसायचा. गाईचं सोंग करायला एकाच कातड्यात पुढे-मागे घुसलेल्या दोघांपैकी मागच्याला म्हणायचा, "काय रे फ्रेड, यंदाही प्रमोशन नाही का?" लोक हसून हसून पोट धरायचे. प्रयोग सरायचे, आणि नॉर्मन परत मुका.

पॅन्टोच्या बाबतीत त्याचं सोवळं मात्र कडक. भल्यानं उजवीकडून यायचं, दुष्टानं डावीकडून. विंगेत शीळ घालायची नाही. आणि सगळ्यात कडक सोवळं शेवटच्या दोन ओळींचं. पॅन्टो यमकाच्या दोन ओळींनी संपतो, आणि त्या दोन ओळी पहिल्या प्रयोगाआधी कुणी उच्चारायच्या नाहीत. उच्चारल्या की नाटक पुरं झालं, आणि प्रेक्षकांविना पुरं झालेलं नाटक पनवती आणतं, ही जुनी समजूत. सगळीकडेच ती थोडीफार पाळतात. नॉर्मननं तिच्यावर आणखी दोन मजले चढवले होते. ओळी कुणी म्हणायच्या हे दिग्दर्शकानं प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडण्याआधी म्हणणाऱ्याच्याच कानात सांगायचं, तोवर तो विषयही काढायचा नाही. आणि त्या म्हणून झाल्या की पडदा, त्यानंतर रंगमंचावरून एक अक्षर नाही. आता दिग्दर्शक नॉर्मन, डेमही नॉर्मन आणि शेवटच्या ओळी रचणाराही नॉर्मन. म्हणजे तो आपल्याच कानात सांगायचा. तालमीत ती जागा आली की सगळे नुसतं "टमटम टमटम" म्हणून वाकून नमस्कार करायचे.

या सोवळ्यापायी त्यानं पोटची पोर घालवली.

बरीच वर्षं झाली त्याला. जॅनिस तेव्हा सोळा वर्षांची होती आणि त्या साली परी होती. आदल्या दिवशीच्या रंगीत तालमीत, बापाच्या आवाजात, कमरेवर हात ठेवून तिनं शेवटच्या दोन ओळी ठणकावून म्हटल्या. घरी बाप भांडी विसळताना पुटपुटायचा, त्यातून पोरीनं त्या उचलल्या होत्या. सगळा हॉल हसला. नॉर्मन हसला नाही. त्यानं सगळ्यांदेखत तिच्या हातातली कांडी काढून घेतली आणि म्हणाला, "चालती हो." पोरगी परीच्या कपड्यांत, गारांतून, घरी चालत गेली. परीचं काम दुसऱ्या मुलीला दिलं. एवढ्यावर भागलं असतं तर भागलं असतं. पण त्याच रात्री थंडीनं हॉलचा पाइप फुटला, पडदे आणि कपडे भिजले, प्रयोग रद्द झाले. नॉर्मन घोटाभर पाण्यात उभा राहून, सगळी मंडळी ऐकत असताना म्हणाला, "हे हिच्या जिभेनं केलं."

बोलणारा एकदा बोलून गेला. गावाला तेवढं पुरलं. पांढऱ्या पायाची जॅनिस. दुकानात, शाळेत, बसस्टॉपवर. कुणाच्या नळाला गळती लागली तरी "जॅनिस इकडून गेली का रे?" थट्टाच ती, पण रोजची. अठरा भरल्याबरोबर ती लीड्सला गेली. नाताळच्या दुपारी जेवायला यायची, दिवे लागायच्या आत निघायची. जानेवारीत या गावात तिनं पुन्हा पाऊल टाकलं नाही. आणि नॉर्मननं? "हं."

आता कंबरेचं ऑपरेशन झाल्यावर पॅन्टोच्या समितीनं त्याला सांगितलं, यंदा शेवटची डेम. पुढच्या वर्षापासून घरांची दलाली करणारा कॉलिन ग्रिमशॉ. दिग्दर्शनही यंदाच फिलिपाकडे गेलं. फिलिपा दक्षिणेकडून आलेली शाळामास्तरीण, गावात नवी, भलती नेटकी. तिनं पहिल्याच तालमीत नॉर्मनकडून सगळे नियम समजून घेतले आणि शपथ घेतल्यासारखे पाळले.

नॉर्मननं मनाशी एक ठरवलं. जे घरात इतकी वर्षं बोलता आलं नाही, ते शेवटच्या दोन ओळींत बोलायचं. डेमला सगळं बोलता येतं. ज्या मंडळींसमोर पोरीला हाकललं, त्यांच्यासमोरच बोलायचं. ओळी त्यानं भांडी विसळताना जुळवल्या, आणि आता पुटपुटलाही नाही.

"जॅनिसला सांग, ये म्हणावं पहिल्या प्रयोगाला," तो डोरीनला म्हणाला. "शेवटपर्यंत थांब म्हणावं."

"तू सांग की. तुझी कोण ती?"

"तू सांग."

डोरीन काय समजायचं ते समजली. तिनं फोन लावला. जॅनिस म्हणाली, "आई, त्या हॉलचं नाव नको काढूस."

"एकदा ये गं. त्याला काहीतरी बोलायचंय तुझ्याशी."

"मग दे त्याला फोन."

"फोनवर बोलला असता तर तुला बोलावलं असतं का मी? म्हातारा झालाय तो. शेवटपर्यंत थांब फक्त."

जॅनिस आली. पाचव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, अंगातला कोट न काढता बसली. नॉर्मननं पडद्याच्या फटीतून तिला पाहिलं. मागे फिलिपा कॉलिनच्या कानाशी लागलेली त्याला दिसली. मिशी नीट चिकटव म्हणत असेल, असं त्याला वाटलं. मग ती त्याच्याकडे येऊन खांदा दाबून म्हणाली, "नॉर्मन, आज शेवटी तुमच्यासाठी एक गंमत आहे हं." नॉर्मनला वाटलं, पुष्पगुच्छ असणार. निरोपाला देतात तसा. शेवटच्या ओळी डेमच्याच, त्या वेगळ्या कानात कशाला सांगायला हव्यात, असं तो धरूनच चालला होता.

त्या दिवशी तो असा रंगला की जुनी माणसं अजून सांगतात, अशी डेम कधी झाली नाही. पोरं "मागं बघ! मागं बघ!" म्हणून घसा फोडत होती आणि तो मुद्दाम पुढंच बघत होता. पिठाच्या प्रसंगात त्यानं कॉलिनला, म्हणजे दुष्ट सावकाराला, नखशिखांत मळला. पाचव्या रांगेत जॅनिस हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसली. ते त्यानं पाहिलं.

शेवटी सगळे एकेक करून पायऱ्या उतरून आले, आपापलं यमक म्हणून बाजूला झाले. सगळ्यात शेवटी डेम, दारातून आडवी होऊन यावी एवढ्या घेराचा झगा सावरत. टाळ्या थांबल्या. नॉर्मननं पाचव्या रांगेकडे पाहिलं, श्वास घेतला आणि पाऊल पुढं टाकलं. त्याच वेळी कॉलिननंही टाकलं. त्यानं डेमचा हात धरला, उंच केला आणि खणखणीत आवाजात म्हणाला,

"डेमबाई थकल्या आता, टेकू द्या हो पाठ;
पुढच्या साली याच जागी माझी बघा वाट!"

हॉल दणाणला. नॉर्मनचं तोंड उघडंच होतं. ओळी झाल्या की पडदा. पडदा सरला तो त्याच्या नाकापुढून. त्यानंतर एक अक्षर नाही, हा नियम करणारा तोच. 

"त्या ओळी माझ्या होत्या," विंगेत तो फिलिपाला म्हणाला.

फिलिपाचं हसू मावळलं. "अहो, पण पुढच्या वर्षी कॉलिन डेम, हे तर ठरलंय ना? म्हटलं, सगळ्यांसमोर तुम्ही गादी त्याच्या हवाली केल्यासारखं दिसेल. तुम्हाला आवडेल असं वाटलं."

"मला विचारायचंस."

"कसं विचारणार? त्या ओळींचा विषय काढायचा नाही, तुम्हीच सांगितलंत. ज्यानं म्हणायच्या त्याच्याच कानात सांगायच्या, हेही तुमचंच. मी बाहेरची, नॉर्मन. मी एकेक नियम पाळला."

तिचे डोळे भरले होते. ती खोटं बोलत नव्हती, तिनं वाईट चिंतलं नव्हतं, आणि नियम खरोखरच पाळला होता. नॉर्मनला भांडायलाही जागा उरली नाही.

बाहेर गाडीपाशी जॅनिस उभी होती. तोंडावरचा रंग अर्धामुर्धा पुसून नॉर्मन तिच्याकडे गेला. काचेवर बर्फ धरला होता.

"छान झालं, डॅड."

"हं."

"पिठाचं तर मस्तच."

"हं."

तिनं गाडीतून बर्फ काढायची खरवडणी घेतली. मग म्हणाली, "आई म्हणाली होती, शेवटपर्यंत थांब. थांबले मी."

यमक नको होतं, झगा नको होता. "चूक माझी होती" एवढं पुरलं असतं. गाडीपाशी तिसरं माणूस नव्हतं. नॉर्मननं हात पुढं केला, तिच्या हातातली खरवडणी घेतली आणि समोरची काच साफ करायला लागला. समोरची झाल्यावर बाजूच्या केल्या, मग मागची केली. आरसेसुद्धा पुसले. जॅनिस बघत उभी राहिली. काच उरली नाही तेव्हा त्यानं खरवडणी तिला परत दिली.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. घाटात सावकाश जा."

ती गेली.

डोरीन चहाचे कप धुऊन, हात पुसत बाहेर आली. "बोललास का?"

"ओळी कॉलिनला दिल्या."

"ते मी बघितलं. इथं काय झालं विचारतेय."

नॉर्मन बोटांवरचा बर्फ झटकत राहिला. "मी तिच्या किती नाकदुऱ्या काढल्या तुला माहीत आहे?" डोरीन म्हणाली. "आता मी पुन्हा तिला बोलावणार नाही. तुझं तू बघ." आणि ती पुढं चालू लागली.

फिलिपाला मात्र झोप लागली नसावी. शेवटच्या प्रयोगाला तिनं नॉर्मनच्या कानात सांगितलं, आज ओळी तुमच्या. कॉलिननंही मान डोलावली. नॉर्मन नको म्हणाला असता तर बरं होतं. पण ओळी पोटात राहून राहून त्याला जड झाल्या होत्या. पोरगी नसली तरी गाव आहे, असं त्यानं मनाला समजावलं. निदान गावानं तरी ऐकावं.

हॉल खचाखच भरलेला. नॉर्मन पुढं आला. या खेपेला त्यानं कमरेवर हात ठेवले नाहीत, डोळा मारला नाही, आवाज चढवला नाही. आपल्या नेहमीच्या, बस चालवणाऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाला,

"हसलात, रडलात, टाळ्या दिल्यात, जा आता आपापल्या घरी;
चूक माझीच होती जॅनिस, तूच होतीस खरी."

 मग मागच्या बाकावरच्या कुणा म्हाताऱ्याला फुटलेला पाइप आठवला आणि तो फिस्सकन हसला. त्याच्या शेजारचा हसला. "अरे, जॅनिस! पांढऱ्या पायाची!" आणि सगळा हॉल उसळला. ज्यांना काही ठाऊक नव्हतं तेही हसले, कारण डेम बोलली की हसायचं असतं. पोरं पाय आपटू लागली. टोप घातलेला, गालांवर दोन लाल टिकल्या काढलेला नॉर्मन त्यांच्याकडे बघत उभा राहिला. त्याचे डोळे वाहत होते, आणि तेही लोकांना फार आवडलं. पडदा सरला तरी शिट्ट्या थांबेनात.

डोरीन विंगेत उभी होती. तिनं त्याच्या झग्याचे बंद सोडले, टोप काढला, घाम पुसला. बाहेर अजून टाळ्या चालू होत्या.

"बरं झालं," ती म्हणाली. "पोरगी नव्हती."