डोक्यावरचा पिवळा बल्ब

बाई रिळाचा हातभर दोरा सोडायच्या, तो ब्लाउजच्या कापडावर आडवा टाकायच्या, दोन्ही उचलून डोक्यावरच्या बल्बजवळ न्यायच्या, एक डोळा मिटायच्या आणि करवादायच्या, "मेलो उजेड! ह्येच्यात काय दिसतला?"

आणि तरीही दोरा बरोबर त्याच रंगाचा निघायचा.

आमच्या वर्कशॉपात त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. लालबागला चाळीच्या तळमजल्यावर ब्लाउज शिवायची खोली होती. दार सोडलं तर उजेड यायला वाट नाही, त्यामुळे दिवे दिवसभर चालू. मशीनवर कारागीर, आणि हूक-तुरपाईला चटईवर आम्ही बायका. मुलं हाताबाहेर गेल्यावर, म्हणजे कमवायला लागल्यावर, मी तिथे जाऊ लागले. तेव्हा साठी जवळ आली होती, पण स्वतःला मी वर्कशॉपातली सगळ्यात चलाख पोरगी समजत असे. हसा, मीही हसते.

बाईंची जागा ठरलेली. डोक्यावर लोंबता पिवळा बल्ब, मांडीशी रिळांचा पत्र्याचा डबा. त्या डब्याला कोणी हात लावायचा नाही. बाई दिवसभर त्या बल्बला शिव्या घालायच्या. तुरपाई तिरकी गेली, "मेलो बल्ब!" सुई टोचली, "मेलो बल्ब!" एखाद्या जावेला कोणी इतकं बोललं नसेल.

बाई भाच्याकडे राहायच्या. भाचा वाईट नव्हता, पण जेवताना रोज विचारायचा, "मावशे, आता गावाक कधी जातंस?" बाई म्हणायच्या, "हात चालतत तोवर नाय." हात थांबले की मुंबई संपली, एवढा सरळ तो हिशेब होता.

मग मालकांनी सगळीकडे एलईडी लावायचं ठरवलं. मी तर हरखूनच गेले. घरी मुलाने आधीच लावले होते आणि आमचे हे म्हणाले होते, "बरं झालं, आता आमटीत काय पडलंय ते दिसतं." वर्कशॉपात वायरमनने चोक-स्टार्टरच्या जुन्या नळ्या उतरवल्या, बाईंचा बल्ब काढला. शिडी सरकवताना बाईंचा डबा कलंडला, रिळं मशीनखाली घरंगळली. त्याने बिचाऱ्याने गोळा करून, जमतील तशी परत भरून ठेवली. नवे दिवे लागले तशी मी चक्क त्यांना हळदकुंकू वाहिलं. वायरमन म्हणाला, "आजी, शॉक लागेल." मला शॉकपेक्षा 'आजी' जास्त लागलं.

उजेड असा पडला की आमचे रंगवलेले केस, मुळाशी पांढरे, सगळ्यांचे सगळ्यांना दिसले. मालक हसत म्हणाले, "काय बाई, आता चुकायला कारणच नाही हां!"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "लय पांढरो हा," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डाळिंबी ब्लाउजच्या हूकपट्टीला शेवाळी दोरा घातला.

मी शेजारीच होते. आधी वाटलं, विचारात असतील. मग त्यांनी दोरा दिव्याकडे नेला, एक डोळा मिटला, मान हलवली आणि तोच हिरवा दोरा पुढे घालत राहिल्या. मी डब्याकडे पाहिलं. डाळिंबीच्या जागेवर वायरमनने शेवाळी ठेवलं होतं.

बाई रंग बघतच नव्हत्या. जागा बघत होत्या.

चहाच्या वेळी मी तो ब्लाउज पदराखाली ओढून उसवला आणि डाळिंबी दोऱ्याने नीट केला. त्या दिवसापासून माझी झोप गेली. मालकांच्या हाती असा एखादा ब्लाउज लागला तर? भाच्याच्या कानावर गेलं तर? रोज सगळ्यांच्या आधी पोचायचं, देवाला दिवा लावायचं निमित्त करायचं आणि आठवून आठवून डबा पूर्वीसारखा लावायचा. राणी, आंबा, मोरपंखी. सुयाही ओवून त्यांच्या छोट्या गादीवर टोचून ठेवायच्या. एकदा मालक लवकर आले. मी हात जोडले ते रिळांसमोरच.

"एवढी भक्ती, काकू?"

"लक्ष्मीच ना हो ती," मी म्हटलं.

मग लग्नाचा एक ब्लाउज आला, चिंतामणी रंगाचा. मालकांनी तो बाईंच्या हातात दिला आणि समोरच उभे राहिले. बाईंनी डब्यातून रीळ काढलं. मी पाहिलं. ते वांगी होतं. मीच चुकीच्या जागी ठेवलं होतं. बाईंनी दोरा कापडावर टाकला, दिव्याकडे नेला, डोळा मिटला. मग रीळ परत ठेवलं, शेजारचं उचललं आणि मी सकाळी सुईत ओवून ठेवलेला वांगी दोरा काढून टाकला. मालक निघून गेले.

बाई माझ्याकडे न बघता पुटपुटल्या, "वांगी नि चिंतामणी उलटे लावलंस गो."

"तुम्हाला... दिसलं?"

"हय खय दिसता? सकाळी डबो दारात नेऊन बघतंय. रोज. तुझो नमस्कार होऊन तू पाणी भरूक जातंस ना, तेवा."

"मग बोलला का नाहीत मला?"

"इतक्या मन लावन करतंस. म्हटला, रवांदे."

मी चलाख पोरगी! मी त्यांच्या चुका लपवत होते आणि त्या मला सांभाळून घेत होत्या.

मी त्यांना ओढत परळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. बाकावर बसल्या बसल्या त्या माझं मनगट धरून होत्या, बांगड्या रुतेपर्यंत. मोतीबिंदू निघू दे, मी घोकत होते, मोतीबिंदू काढता येतो. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलं ते परत येणार नाही, आहे ते थेंबांनी राखायचं.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "म्हंजे बल्बाचो दोष नव्हतो."

गावाला निघायच्या दिवशी त्या मालकांकडे आल्या. मालक काही विचारणार, तेवढ्यात म्हणाल्या, "माझो पिवळो बल्ब खय ठेवलास? तो दी माका."

"बाई, आता कोण वापरतं तो? नवा देतो ना."

"नको. शिव्या घालूक कोणतरी व्हयो मां."

एका ब्लाउजपीसात गुंडाळून, तान्ह्या मुलासारखा छातीशी धरून त्या तो घेऊन गेल्या. दारातल्या उजेडात पायरी चाचपताना मी त्यांना शेवटचं पाहिलं.

आता मीही घरीच असते. परवा नात फ्रॉकचं बटण घेऊन आली. छताला लख्ख पांढरा दिवा, आणि सुईचं नेढं काही सापडेना. दोरा बाजूने जात राहिला.

"मेला उजेड!" मी म्हटलं.

नातीने वर पाहिलं, मग माझ्याकडे. "आजी, लाइट तर फुल आहे."

मी एक डोळा मिटला आणि दोरा दिव्याजवळ नेला.