अक्रोडाच्या पावाला पुसलेली सुरी

आमच्या थोरल्या जाऊबाई कशाला भीत नाहीत ते विचारा, उत्तर लवकर संपेल. विजेला भितात, इंजेक्शनला भितात, अवेळी वाजणाऱ्या फोनला भितात, आणि फोन बराच वेळ वाजला नाही तरी भितात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमच्याकडे त्याला पाठीमागून यावंच लागत नाही, या स्वतःच हाक मारून बोलावतात.

पण पाव-चीजच्या दुकानात काउंटरमागे उभ्या राहिल्या की बाई वेगळीच. मी तिथेच गल्ल्यावर बसते, त्यामुळे रोज बघते. गिऱ्हाईक चीज मागतं आणि जाऊबाई विचारतात, "कशाबरोबर खाणार?" उत्तर पटलं नाही तर हात सुरीकडे जात नाही. चीज आणि पावाची सोयरीक जुळवावी लागते असं त्यांचं म्हणणं. शेळीच्या दुधाचं मऊ चीज मनुकांच्या पावाला द्यायचं, जुनं टणक चीज काळ्या आंबट पावाला. निळ्या बुरशीचं उग्र चीज मात्र अक्रोडाच्या पावालाच, त्याच्याशी संसार दुसऱ्या कुणाला जमत नाही. नुसतं चीज नेणाऱ्याकडे त्या अशा बघतात की तो बिचारा उगाच एक पाव घेऊन जातो.

त्या दुपारी एक बाई आल्या. रस्त्यापलीकडच्या शिंप्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या. म्हणाल्या, "मुलीसाठी हवंय, शाळेतून भुकेली येते. पण आधीच सांगते, तिला अक्रोड अजिबात चालत नाही. मागे जरासा तुकडा पोटात गेला तर श्वासच बंद पडायला आला होता."

जाऊबाईंनी लगेच हात धुतले. अक्रोडाच्या पावाची टोपली उचलून मागे नेली. काळ्या पावांचं फडताळ वेगळं असतं, तिथून एक छोटा पाव अख्खाच काढून कागदात गुंडाळला. मग जुन्या चीजचा तुकडा कापून दिला. "दोन्ही एका घासात खायला सांगा," असंही बजावलं. बाई खूश होऊन गेल्या.

चीजच्या सुरीला मधेमधे पाणी लावत नाहीत, ओल्या पात्याने चीज चिकट होतं. कोरड्या पावाच्या कडेला पुसायची की झालं. जाऊबाईंचा हात हे आपसूक करतो, डोकं त्यात नसतं. पुढच्या गिऱ्हाइकासाठी त्यांनी सुरी उचलली, काउंटरखालची कड हातात घेतली आणि तशाच थांबल्या. ती कड अक्रोडाच्या पावाची होती. सकाळी निळं चीज विकताना उरलेली.

"मघाशी त्या बाईंचं चीज कापायच्या आधी सुरी मी हिलाच पुसली गं," त्या मला म्हणाल्या. तोंडचं पाणी पळालं होतं.

दुकानाचे मालक आतून ऐकत होते. "हात दाखवून अवलक्षण कशाला?" ते म्हणाले. "एवढ्या चुऱ्याने काय होतंय? आणि झालंच, तर ते आपल्याकडचं होतं हे कोण सांगणार? गप्प बसा. नोकरी जड झालीय का?"

मीही म्हटलं, "जाऊबाई, जरा थांबा, विचार करू."

"तुझी पोर असती तर थांबली असतीस?" एवढंच बोलून त्या ॲप्रनसकट बाहेर पडल्या. एरवी माझा दंड धरल्याशिवाय ही बाई रस्ता ओलांडत नाही. एक गाडी करकचून थांबली, ड्रायव्हरने शिव्या घातल्या, यांनी मान वळवली नाही. मी मागून धावत होते. शाळा सुटून गेली होती. मुलं दप्तरं घेऊन घरी चालली होती, आणि त्यातल्या प्रत्येक मुलीकडे बघून मला वाटत होतं, हिच्या आधी ती पोचली असेल.

जिन्यात जाऊबाईंचा श्वास फुलला. दार उघडताच त्या म्हणाल्या, "चीजची सुरी मी अक्रोडाच्या पावाला पुसली होती. चूक माझी आहे. तिने खाल्लं का?"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "आत खातेय," म्हणाल्या आणि पळाल्या. आम्हीही चपला न काढता मागोमाग.

स्वयंपाकघरात मुलगी खुर्चीवर पाय हलवत बसली होती, एक गाल फुगलेला. आईने तिच्या तोंडात बोट घालून घास बाहेर काढला. काळा पाव. नुसता पाव. चीजचा तुकडा ताटलीच्या पार कडेला ढकललेला होता, त्याला दात लागला नव्हता. तरी आई तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून ओठांकडे बघत राहिली. आम्ही दोघीही बघत राहिलो. ओठ सुजतायत का, श्वास घरघरतोय का. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण इतकी मी जन्मात कधी भ्याले नव्हते. काही झालं नाही.

मुलगी वैतागली. "पाव चांगला आहे," ती म्हणाली. "पण त्या चीजला मोज्यांचा वास येतो. दोन्ही एकत्र मी नाही खाणार."

आमच्या चीजला कुणी असं म्हटलं की जाऊबाई त्याला समजावून समजावून नको नको करून सोडतात. आज मात्र त्या खाली फरशीवर बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"येतो गं बाळा," त्या म्हणाल्या. "फार घाण वास येतो. नुसता पावच खा तू."