वीतभर, हातभर की दीड हात

दुकानात तिला सगळे टाचणी म्हणत. एक तर अंगाने ती तशीच होती, आणि दिवसभर ओठांत टाचण्या धरून बसायची, त्यामुळे बोलणंही बेताचंच. गिऱ्हाइकाने काही विचारलं तर 'हं' किंवा 'उंहूं', तेवढ्यात काम भागायचं. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या काचेपाशी तिचं मशीन होतं. कुणी पँट आखूड करायला टाकायचं, कुणी कोटाच्या बाह्या वर घ्यायला. बारीक झालेले लोक मोठ्या आवाजात सांगत, "कंबर आत घ्या हो." जाड झालेले हळूच कपडा पुढे सरकवत. टाचणी दोघांचंही करून द्यायची. दुसऱ्याने शिवलेलं उसवायचं, कापायचं आणि पुन्हा जोडायचं, यात तिची उमेदीची वर्षं गेली. अथपासून इतिपर्यंत आपल्या हातचा म्हणावा असा एक कोट काही तिला कधी शिवायला मिळाला नाही.

तर या टाचणीने एक बाहुली घ्यायचं ठरवलं होतं, आणि कुठल्या मापाची घ्यावी या विचाराने तिच्या तोंडचा घास गोड लागेनासा झाला होता.

पन्नाशीला टेकलेल्या बाईने बाहुलीपायी एवढं झुरावं याचं कुणालाही हसू येईल. पण ही काही पोरींच्या भातुकलीतली बाहुली नव्हे. ही रेझिनची असते. खांदे, कोपर, मनगटं, गुडघे, जिथे म्हणून माणसाला सांधा असतो तिथे तिला गोळा बसवलेला असतो आणि अंगातून आरपार इलॅस्टिकची दोरी ओवलेली असते. बसवली की बसते. मान कलती केली की तशीच राहते, जणू कुणाचं तरी ऐकतेय. डोळे काचेचे, केसांचा टोप निराळा, चेहराही हवा तसा रंगवून घेता येतो. वयाने मोठी माणसं या बाहुल्या जमवतात. त्यांची मापं मुख्यतः तीन. बनवणारे ती सेंटिमीटरमध्ये सांगतात, पण टाचणी आणि तिची मोठी जाऊ आपल्या भाषेत म्हणत: वीतभर, हातभर आणि दीड हात.

वीतभर बाहुली ड्रॉवरमध्ये मावते, पण तिचं बटण मोहरीएवढं, आणि टाचणीचे डोळे आता मोहरीचे राहिले नव्हते. दीड हाताची म्हणजे कडेवर घ्यावं एवढं ओझं; तिला कपाटाचा अख्खा कप्पा द्यावा लागतो. हातभर ती मधली. आणि जमवणाऱ्यांमध्ये एक रीत आहे. एकदा माप धरलं की सहसा ते सोडायचं नाही, कारण कपडे, टोप, जोडे, डोळे, सगळं त्या मापाचं होऊन बसतं. ज्यांचं माप एक, त्यांचं कपाट एक.

टाचणीची अडचण इथेच होती.

तिच्या घराला दोन मजले होते आणि दोन मजल्यांमध्ये अबोला होता. वर थोरले दीर आणि जाऊ, खाली टाचणी आणि तिचा नवरा. सासूच्या शेवटच्या दुखण्यात थोरला म्हणाला ऑपरेशन करू, धाकटा म्हणाला नको, तिला सोसणार नाही. ऑपरेशन झालं आणि सासू घरी परतली नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात, चार लोकांदेखत, धाकटा भावाला म्हणाला, "तू मारलीस तिला." थोरल्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. पूर्वी टाचणीचा नवरा दर वाक्याला 'दादा, दादा' करायचा. आता तो 'वरचे' म्हणे. आपलेच दात, आपलेच ओठ. न्याय करायचा कुणी आणि कुणाचा?

जावाजावा उभा दावा म्हणतात. या घरात दावा भावांचा होता आणि सूत जावांचं. थोरली जाऊ कृत्रिम दात बनवणाऱ्यांकडे कामाला होती. पांढऱ्या दाताला माणसाच्या दातासारखा पिवळसर, करडा रंग चढवायचा, हे तिचं काम. त्याच हाताने ती बाहुल्यांच्या भुवया काढायची, एकेक केस वेगळा. तिच्याकडे चार बाहुल्या होत्या, चारही हातभर, आणि त्या चौघींचं कपड्यांचं कपाट टाचणीने शिवून दिलेलं. भावांचा अबोला झाल्यावर जावांचं एकमेकींकडे बसणं-उठणं थांबलं, पण बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा जिन्याच्या वळणावर, खिडकीच्या कट्ट्यावर येऊन बसला. वरून त्यात कापड उतरायचं, खालून फ्रॉक चढायचा. दोघे भाऊ जाता-येता त्या डब्याला अंग चोरून वळसा घालत. तो दिसत नव्हता अशातला भाग नाही.

आता टाचणी स्वतःची पहिली बाहुली घेणार म्हटल्यावर वर-खाली दोन्हीकडे कान टवकारले.

"सगळ्यात मोठी केवढी येते?" नवऱ्याने जेवताना विचारलं.

"दीड हात."

"मग तीच घे. वरच्यांच्या हातभर आहेत ना? तुझी त्यांच्या डोक्यावरून बघेल."

"अहो, मला कुणाच्या डोक्यावरून बघायचं नाहीये."

"मग मोठी नको तुला?"

टाचणीच्या तोंडात तेव्हा टाचण्या नव्हत्या, तरी तिला बोलता येईना. कारण तिला हवी होती ती मोठीच. दीड हाताच्या अंगावर खरा कोट होतो. कॉलर दुमडते, अस्तर लागतं, खिशात खरंच दोन बोटं जातात. हातभर बाहुलीच्या कोटाची कॉलर म्हणजे नखाची कात्रण. आयुष्यात एक कोट पहिल्या कातरीपासून शेवटच्या टाक्यापर्यंत आपल्या हातचा असावा, एवढंच तिच्या मनात होतं. पण नवऱ्याने तोच घास भावाच्या नावाने थुंकून तिच्या ताटात वाढला. आता मोठी घेतली तर ती तिच्या हौसेची राहणार नव्हती. त्याच्या रागाची झाली असती.

दुसऱ्या दिवशी जिन्याच्या वळणावर जाऊ भेटली. डबा ठेवायच्या निमित्ताने दोघी तिथे कधीमधी अशा 'चुकून' भेटत.

"ठरलं का गं?"

"नाही अजून."

"त्यात ठरवायचंय काय? हातभरच घे. माझ्या चौघींचं सगळं तिला येईल. पहिल्या दिवसापासून भरलेलं कपाट तुला."

"ताई, ते सगळं मीच शिवलंय."

"म्हणूनच म्हणते! सासरी आपलंच माहेर." जाऊ हसली. मग तिने डब्याच्या झाकणावरून बोट फिरवलं. "मोठी घेतलीस की तुझं तुझ्याकडे, माझं माझ्याकडे. मग हा डबा कशाला लागतो?"

दुकानात इस्त्रीवाले काका तिच्याकडे बराच वेळ बघत होते. "टाचणे, चेहऱ्याला सुरकुत्या पडल्यात. आण इकडे, वाफ मारतो."

"काका, मनातलं घ्यावं की घरातलं टिकवावं?"

"घरातलं टिकवावं. मनातलं मनात टिकतंच."

"आणि मनातलं घेतल्याने घरातला एक जण भलत्याच कारणाने खूश होत असेल तर?"

काकांनी इस्त्री उभी केली. "बाई, तू पँटी आखूड करतेस आणि गोष्टी लांबवतेस. हवं म्हणजे हवं, नको म्हणजे नको. दोन्हींच्या मध्ये उभं राहून पायच दुखतात."

जेवणाच्या सुट्टीत तिने फोन काढला आणि हातभर मागवून टाकली. जाऊच्या बाहुल्या जिथल्या होत्या त्यांच्याकडे वर्षभर थांबावं लागणार होतं. तेवढं थांबलं तर मन पुन्हा फिरेल अशी तिला धास्ती. दुसऱ्या एका ठिकाणी लगेच मिळत होती. उंची तिने दोनदा पडताळली. जाऊच्या त्रेचाळीस सेंटिमीटर, हीसुद्धा त्रेचाळीस. झालं. संध्याकाळी घरी जाताना जिन्याकडे बघून ती कधी नव्हे ती मोकळं हसली.

खोकं आलं तेव्हा नवरा कामावर होता. टाचणीने कागदाच्या कात्रणांमधून तिला वर काढली. गार अंग, मुठीत घेतलेल्या दगडासारखं भरीव. चेहऱ्यावर ना भुवया, ना ओठ. डोकं सोडवून वर पाठवलं की ते ताई काढणार होती. जाऊने डब्यातून आधीच फ्रॉक, पँट, जोडे पाठवून ठेवले होते. टाचणीने त्यातला निळा फ्रॉक डोक्यावरून चढवला. फ्रॉक खांद्याशी अडला. सैल करून ओढला, तर छातीवर ताणून बसला आणि पाठीची बटणं एकमेकांना भेटेनात. पँट पोटरीपर्यंतच आली. जोड्यात पाऊल सैल खडखडलं.

जाऊच्या चौघी अंगाने पोरी होत्या: सरळ कंबर, आखूड पाय. ही भरलेल्या अंगाची बाई होती. उंची तेवढी सारखी, बाकी एक माप जुळेल तर शपथ.

टाचणी जमिनीवरच बसली. दुकानात एखादा बापडा 'पाच फूट चार' म्हणाला की ती टाचण्यांमधूनच फटकारायची, "उंचीने पँट होत नसते, कंबर सांगा." आणि तिने उंची बघून अख्खं शरीर मागवलं होतं! मागवताना तिचं ध्यान बाहुलीवर नव्हतंच. ते होतं जिन्यावर.

ती बाहुली परत खोक्यात गेली. वरून डबा आला, त्यात जाऊने तिच्यासाठी ठेवणीतले जोडे आणि केसांचा एक टोप पाठवला होता. टाचणीने डबा तसाच परत ठेवला. पुन्हा आला, पुन्हा तसाच गेला. शेवटी जाऊने तिला वळणावर गाठलं.

"डोकं का पाठवत नाहीस रंगवायला? आली ना? कुरिअरवाला मला दिसला होता."

"आलीये ताई. पण... बसत नाही."

"काय बसत नाही?"

"काहीच. अंगच वेगळं निघालं."

जाऊचा चेहरा आधी गोंधळला, मग हळूहळू मिटत गेला. "अंग वेगळं निघालं. तुझ्याकडून! शहरभरच्या कंबरा तुझ्या टेपमधून गेल्यात आणि तुझं माप चुकलं होय?"

"ताई, खरंच..."

"नको होतं आमचं तर सरळ सांगायचंस. हे असं आडून कशाला? कुणी शिकवलं ते न कळण्याएवढी मी दुधखुळी नाही."

तिने कट्ट्यावरचा डबा उचलला, काखेत मारला आणि वर निघून गेली. नंतर तो खाली आला नाही. कट्ट्यावर धूळ बसली. फक्त डब्याच्या तळाएवढा चौकोन स्वच्छ होता, तोही मग उरला नाही.

टाचणीने नवऱ्याला सांगितलं नव्हतं, तरी त्याला कळलंच. पंधरवड्यात तो पहिल्यांदा शीळ घालत घरात शिरला. "डबा गेला वाटतं? बरं झालं. सुंठीवाचून खोकला गेला."

टाचणी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. आजवर तिला वाटायचं, याचा राग म्हणजे दुःखच आहे, आईच्या मागे राहिलेलं. ते एक दिवस वाळेल. पण शीळ घालणारा माणूस दुःखात नव्हता. त्याला घर असंच हवं होतं, मधोमध कापलेलं. आणि कापायला कात्री तिने आणून दिली होती.

तिने घडी बाजूला ठेवली. खोक्यातून बाहुली काढली, गळ्यात टेप टाकला आणि दार उघडलं.

"कुठे निघालीस?"

"वर."

"वर म्हणजे?"

"घराला एकच वर आहे."

"अगं, लोक..." तो पुढे काहीतरी म्हणाला, पण ती वळणाच्या पुढे गेली होती.

दार थोरल्या दिरांनी उघडलं. समोर भावजय, काखेत भुवया नसलेली उघडी बाहुली. ते क्षणभर तसेच उभे राहिले. म्हातारे दिसत होते. जिन्यात ओझरते दिसायचे तेव्हा एवढे वाटले नव्हते. मग बाजूला होत, आत तोंड करून म्हणाले, "अगं, बघ कोण आलंय." आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभे राहिले.

जाऊ उठली नाही. कपाट उघडू का, हे टाचणीने विचारलंही नाही. कपाटातली एक बाहुली काढून तिने आपल्या बाहुलीशेजारी टेबलावर उभी केली. डोक्याला डोकं बरोबर. मग टेप लावला. आधी छातीला, मग कंबरेला, मग मांडीला. दोन्हींना, आळीपाळीने.

जाऊने टेप तिच्या हातातून घेतला आणि पुन्हा स्वतः लावून पाहिला. "तू छाती विचारलीच नाहीस?"

"नाही."

"तू?"

"घाईत होते. तुमच्या बाहुल्यांएवढी उंच दिसली, बस, तेवढंच पाहिलं. मला खरं तर दीड हाताची हवी होती, ताई."

"मग घ्यायची होतीस!"

"कशी घेणार? यांनी ती तुमच्या डोक्यावर उभी केली असती."

गॅलरीत दीर खोकले. ऐकू जात होतं तर. जाऊने त्या कोऱ्या चेहऱ्याची हनुवटी चिमटीत धरून उजेडाकडे वळवली, दातांची छटा बघतात तशी.

"हिला माझं काही येणार नाही आता."

"नाही."

"आणि माझ्या पोरींना हिचं येणार नाही."

"नाही."

"डोकं काढून दे."

टाचणीने मानेतला आकडा ओढून इलॅस्टिकमधून सोडवला. डोकं जाऊच्या तळहातावर राहिलं. ती म्हणाली, "रंगवायला वेळ लागेल. मधूनमधून बघून जावं लागेल तुला. डब्यातून मी डोकं पाठवणार नाही, सांगून ठेवते. घरंगळून पडेल."

"येईन."

"जेवून जा आता."

"आज नको."

ती खाली आली तेव्हा नवरा टेबलाशी बसला होता. पुढ्यातलं जेवण निवलं होतं, त्याने हात लावला नव्हता. त्याने तिच्या हातातल्या बिनडोक्याच्या बाहुलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"वर गेलीच होतीस तर तिथेच जेवायचं होतंस."

"विचारलं त्यांनी. उद्या जेवेन."

"उद्या?"

"परवाही जाईन. तुम्हाला यायचं नसेल तर झाकून ठेवत जाईन."

त्याने ताट जोरात पुढे ढकललं. टाचणीला वाटलं, आता ओरडेल. तो ओरडला नाही. उठून आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. सावकाश लावलं, ते तिला जास्त लागलं. तिने त्याचं ताट झाकलं, आपलं वाढून घेतलं आणि त्या बंद दाराकडे बघत एकटीच जेवायला बसली.