कामठ्याचं रोवणीचं गाणं

हे मी आईलाही सांगितलेलं नाही, आणि आईपासून मी एरवी काही लपवत नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. चोरी केली नाही, कुणावर हात उचलला नाही. ऐकून म्हणाल, एवढंच ना! मीही बरेच दिवस स्वतःला तसंच म्हणत होते.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात मी गोंदियातल्या एका गाण्यांच्या रेडिओ केंद्रावर दोन महिने शिकाऊ होते. कुडव्याहून स्कूटीवर जायचं, फर्माइशी वहीत उतरवायच्या, चहा सांगायचा. दिवसभर हिंदी गाणी. रविवारी सकाळी अर्धा तास मात्र खेड्यातली. त्यासाठी केंद्रावरच्या मॅडमनी मला एकटीला कामठ्याला पाठवलं. केवढी फुगले होते मी!

तिथल्या मैनाबाई रोवणीची गाणी म्हणायच्या — पाण्यानं भरलेल्या बांधीत धानाची रोपं लावताना बायका म्हणतात ती. पण मे महिन्यात, कोरड्या अंगणात त्यांना गाणं आठवेचना. शेवटी त्यांच्या सुनेनं, वनितानं, घमेलं भरून पाणी आणलं. बाई त्यात पाय बुडवून वाकल्या, हात आपोआप रोपं खोचल्यासारखे चालू लागले, आणि गाणं आलं. वीस मिनिटं सलग. मला रडू आलं — खरंच आलं.

आणि रेकॉर्डरचं बटण मी एकदाच दाबलं होतं.

ते दोनदा दाबावं लागतं. एकदा दाबलं की लाल दिवा लुकलुकतो, म्हणजे यंत्र नुसतं तयार आहे; दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो, तेव्हा कुठे आवाज भरला जातो. मला शिकवलं होतं. मी अतिशहाणी, नुसती मान डोलावली होती. केंद्रावर येऊन लावून बघितलं, तर काहीच नाही.

परत जाता आलं नसतं? अर्ध्या तासाचा तर रस्ता. पण मग चूक सांगावी लागली असती. मी मॅडमना सांगितलं, बाई म्हणतात रोवणीचं गाणं उन्हाळ्यात म्हणायचं नसतं. त्यांना पटलं. वर म्हणाल्या, त्यांच्या रीतीचा मान राखलास, छान केलंस. ते कौतुकही मी ठेवून घेतलं.

इथवर नुसता भित्रेपणा होता. पुढचं —

पुढचं असं, की दोन आठवड्यांनी सोमवारी मैनाबाईंचा केंद्रावर फोन आला. उचलला मीच. आधीच्या रविवारी त्या रेडिओपुढे बसून होत्या. काल मात्र नात्यातल्या लग्नाला जावं लागलं, म्हणून वनिताला बसवून गेल्या. ती म्हणते लागलंच नाही. मग कधी लागते, एवढंच विचारत होत्या. अजूनही खरं सांगता आलं असतं. नव्हतं का?

मी म्हणाले, "कालच वाजलं की, आजी."

मग त्या म्हणाल्या, "मंग वनितानंच बंद केला असन." आणि फोन ठेवला. मला सुटल्यासारखं वाटलं. तेही सांगते, कारण ते खरं आहे.

गेल्या वर्षी गोंदियाच्या बाजारात वनिता भेटली. तिनं मला ओळखलं. तब्येत विचारली, पोरांचं सांगितलं. मग पिशवी खाली ठेवून म्हणाली, "एक विचारू का जी? सासू अजून बोलून राहिली मले. मी त रेडिओ बंद नोता केला. खरंच वाजलं होतं का?"

मी हो म्हणाले.

तिनं पिशवी उचलली. "मंग माहाच डोळा लागला असन," म्हणाली.

आणि मी म्हणाले, "होतं असं कधी कधी."