एका कानाचा हत्ती

गल्लीच्या तोंडाशी ज्यांचा फोटो स्टुडिओ आहे, त्यांना सगळे हसाकाका म्हणतात. कॅमेऱ्यामागून "जरा हसा" म्हणण्यात त्यांचा जन्म गेला. ओळखपत्राच्या फोटोत हसायला बंदी आली, तरी सवयीने त्यांच्या तोंडून "जरा हसा" निघतंच, आणि मग "नको, नका हसू" असं ते सावरून घेतात.

फोन हातोहाती आले आणि स्टुडिओतली वर्दळ ओसरली. दुकानाच्या मागच्या भागात काकूंचं शिलाई मशीन होतं. खरं सांगायचं तर घर त्यावरच चालायचं.

एका सकाळी एक बाई आपल्या पाचेक वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या काखेत कापडी हत्ती होता. कधीकाळी तो निळा असावा. आता त्याच्या रंगाला नाव उरलं नव्हतं.

"याचा फोटो हवाय," बाई म्हणाली. "हिच्या आजारपणात सतत हिच्याजवळ होता. आता धुवायलाच हवा, पण धुतल्यावर टिकेलसं वाटत नाही."

"फोनवर काढा की."

"फोनवर ढीगभर होते. फोन बिघडला, सगळे गेले. आणि होते त्यांतही हा हिच्या काखेत अर्धाच दिसायचा."

काकांनी हत्तीला स्टुलावर बसवलं आणि नेहमीच्या सुरात म्हणाले, "मान सरळ. दोन्ही कान दिसू द्या."

"त्याला एकच आहे," मुलगी म्हणाली.

"दुसरा कुठे गेला?"

"मी खाल्ला. लहान होते तेव्हा."

"दात येत होते हिला," आईने खुलासा केला.

काकांनी मान डोलावली, जणू असं होतंच. मग ते गुडघ्यांवर बसले, दिवा खाली घेतला आणि हत्तीच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा आणला. मुलीची एकच अट होती, त्याला एकटं बसवायचं नाही. म्हणून ती स्टुलामागे बसून दोन बोटांनी त्याची शेपटी धरून राहिली. काकांनी समोरून फोटो काढला, बाजूने काढला, पोटावरच्या लाल टाक्यांचाही काढला. ते टाके कुणी घातले, सोंड वाकडी कशी झाली, हे ती सांगत गेली आणि ते ऐकत गेले. आतून काकूंनी दोनदा डोकावून पाहिलं.

पुढच्या आठवड्यात बाई एकटीच आली. हातातल्या पिशवीत कापडाच्या चिंध्या आणि कापसाचे ओले गोळे.

"हातात घेतला आणि विरघळलाच," ती म्हणाली. "ती शाळेतून येईल. काय सांगू तिला?" आणि दुकानातच रडू लागली.

काकूंनी तिच्या हातून पिशवी घेतली, तिला पाणी दिलं. "दोन दिवस द्या. तोवर हत्ती आमच्याकडे आहे म्हणून सांगा. खोटंही नाही ते."

फोटो मोठे करून काकूंच्या कापड बेतायच्या टेबलावर पसरले गेले. नवं कापड काकूंना चालेना. शेवटी एक जुनी, धुऊन मऊ झालेली चादर निघाली. काका पाठीमागे उभे.

"सोंड जरा डावीकडे हवी."

"शिवतंय कोण?"

"तू."

"मग फोटो धरा आणि गप्प उभे राहा."

दोन दिवसांनी मायलेकी आल्या. मुलीने हत्ती हातात घेतला, पोटावरचे लाल टाके चाचपले, मग त्याला नाकाशी नेलं.

"हा तो नाही."

आईने काकांकडे पाहिलं. काका खाली बसले. "नाही बाळा. तो धुताना फाटला. आईने मुद्दाम नाही केलं. त्याचा फोटो बघून काकूंनी हा शिवलाय."

मुलगी टेबलावरच्या फोटोकडे बघत राहिली. मग काकूंच्या मांडीत तोंड खुपसून रडली. काकूंनी तिला रडू दिलं. पाठीवरून हात फिरवत राहिल्या, समजूत घातली नाही.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. "याला माहितीये का?"

"काय?"

"त्याचा भाऊ गेला ते."

काकू म्हणाल्या, "तूच सांग. तुझ्याकडून कळलेलं बरं."

ती हत्तीला घेऊन कोपऱ्यात गेली आणि त्याच्या कानात बराच वेळ कुजबुजली. परत आली ती त्याला काखेत मारूनच. जुन्या हत्तीचा फोटो आईने फ्रेम करून घेतला, आणि नव्याचाही एक काढायला सांगितला.

गोष्ट गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागतो? लोक खेळणी घेऊन येऊ लागले. तीन चाकांची मोटार, चेहरा पुसून गेलेली बाहुली, नुसतीच एक उशी. काका आधी विचारतात, "याला घरात काय म्हणतात?" आणि फोटोच्या मागे ते नाव लिहून देतात.

परवा एक निवृत्त बस ड्रायव्हर लाकडी घोडा घेऊन आले. "नातवाचा आहे," म्हणाले. घोड्याचं वय नातवाच्या बापाहून जास्त दिसत होतं. काकांनी फक्त घोड्याचं नाव विचारलं. ड्रायव्हरसाहेबांनी ते ताबडतोब सांगितलं आणि मग हलकेच म्हणाले, "मी मागे उभा राहून धरला तर चालेल का?"